एका यंत्रात दोन बिऱ्हाडं

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित देखभाल थांबवली. जुलै २०१५मध्ये आलेली ही कार्यप्रणाली दहा वर्षं चालली. त्या दिवशी कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. थांबल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, म्हणजे दर महिन्याला येणारे आणि रिस्टार्ट मागतात म्हणून आपण टाळत राहायचो ते अपडेट. ज्यांनी नोंदणी केली त्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदतवाढ आहे. त्यानंतर काय, याला कंपनीचं उत्तर विंडोज ११ हे आहे. पण त्यासाठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो, एखाददुसरा अपवाद सोडता, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. म्हणजे साधारण २०१७च्या आधीची यंत्रं, कितीही धडधाकट असली तरी, अधिकृतपणे बाहेर.

मुंबई-पुण्यात या बातमीचा अर्थ नवा लॅपटॉप. केळशीत मात्र तिचा अर्थ वेगळा आहे आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

केळशी दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाला, भारजा नदी समुद्राला मिळते तिथे वसलेलं गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्याच्या पाखाड्या, महालक्ष्मीचं देऊळ, टेकडीवर याकूबबाबांचा दर्गा. खाडीपलीकडे मंडणगड तालुका. कोकणातल्या कुठल्याही गावासारखी इथल्याही घरांची अर्धी माणसं मुंबई-ठाण्यात असतात आणि तिकडे नवी वस्तू आली की जुनी गावी येते. फ्रिज, टीव्ही, लोखंडी कपाट याच वाटेने आलं. आता कॉम्प्युटरही तसाच येतो. गणपतीला नाहीतर मे महिन्यात गाडीच्या डिकीतून उतरतो, ओटीवरच्या टेबलावर बसतो आणि पुढची पाच-सात वर्षं तिथे काम करतो. विंडोज १०ची मुदत संपल्यामुळे येत्या वर्षा-दोन वर्षांत अशी किती यंत्रं गावी येतील याचा विचार करा. त्यातली बरीचशी 'आता याचा उपयोग नाही' असा शिक्का बसूनच येतील.

तो शिक्का चुकीचा आहे. ही यंत्रं फेकू नयेत, आणि उत्साहाच्या भरात सगळं पुसून त्यांवर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली नुसती टाकूही नये. आहे ते विंडोज ठेवून शेजारी दुसरी कार्यप्रणाली बसवावी. यालाच ड्युअल बूट म्हणतात. यंत्र सुरू केलं की 'कुठे जायचं' असं ते विचारतं, बाणाच्या कळीने निवड करायची, एवढंच. कोकणी माणसाला याहून सोपं सांगायचं तर ही घराची वाटणी आहे. घर एकच, मधे भिंत, चुली दोन, विहीर सामाईक.

केळशीत माझ्या मावसभावाकडे असाच एक लॅपटॉप आहे. पाचव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क. बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे चार्जर निघाला की यंत्र बंद. त्याच्यावर तो पर्यटकांच्या खोल्यांचा हिशेब ठेवतो, सुपारीच्या विक्रीच्या नोंदी ठेवतो, सातबारा उतरवून घेतो आणि चैत्रातल्या उत्सवाची पत्रिका जुळवतो. "दादा, हा आता ठेवू का भंगारात देऊ, ते सांग," असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला आधी एकच विचारलं: पत्रिका कशात करतोस?

श्रीलिपीत, तो म्हणाला. आणि लिनक्स एकटं का नको, शेजारी का हवं, याचं निम्मं उत्तर त्या एका शब्दात होतं.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही मराठी छपाईची गेल्या तीन दशकांची जमीन आहे. लग्नपत्रिका, उत्सवाचे कार्यक्रम, वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, सगळं तिच्यावर उभं राहिलं. पण तिच्या जुन्या फॉन्टांतली अक्षरं युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने साठवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की पडद्यावर निरर्थक इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. पेजमेकर, कोरल ड्रॉ यांचंही तसंच: ती विंडोजवर चालतात आणि गावोगावच्या डीटीपीवाल्यांचं पोट त्यांवर आहे. हिशेबासाठी टॅली असेल किंवा एखाद्या खात्यासाठी डिजिटल सहीचं टोकन वापरावं लागत असेल, तर विंडोजची गरज आणखी वाढते. लिनक्सचे कट्टर पुरस्कर्ते हे मान्य करत नाहीत आणि त्यामुळेच त्यांचं गावात कुणी ऐकत नाही. दहा वर्षांच्या पत्रिका ज्याच्या डिस्कवर आहेत त्याला 'विंडोज काढून टाक' हा सल्ला देणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसऱ्या बाजूने, त्या भावाच्या दिवसभराच्या कामातलं विंडोजवाचून अडणारं काम ते एवढंच. बाकी सगळं ब्राउझरमध्ये होतं. खोल्यांचं बुकिंग, बँक, सातबारा, मुलांच्या शाळेचे फॉर्म, व्हिडिओ. ब्राउझरमधून इंटरनेटवर जायचं काम दुरुस्त्या थांबलेल्या विंडोजमध्ये करणं धोक्याचं, आणि नेमकं तेच काम लिनक्समध्ये उत्तम होतं. म्हणून वाटणी अशी: इंटरनेट लिनक्सकडे, श्रीलिपी विंडोजकडे. विंडोजला शक्यतो नेटच जोडायचं नाही. जुन्या यंत्राच्या सुरक्षिततेचा याहून सोपा उपाय माझ्या माहितीत नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो: लिनक्सवर मराठी चालतं का? चालतं, आणि नीट चालतं. त्यामागे मराठी मुलखातल्याच माणसांचे कष्ट आहेत. ते फार थोड्यांना ठाऊक असतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१मध्ये आपल्या नव्या कार्यप्रणालीची घोषणा केली. रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू प्रकल्प १९८३पासून चालू होताच. दोन्ही मिळून जे झालं ते भारतात घरोघर पोचलं ते मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीडीमधून: १९९६मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने लिनक्सची सीडी वाचकांना दिली आणि त्यामागे बंगळूरूचे अतुल चिटणीस होते. तेव्हा तिच्यात मराठी अक्षर उमटत नव्हतं. देवनागरीची जोडाक्षरं, वेलांट्या, रफार पडद्यावर जागच्या जागी बसवणं हे काम कुणीतरी करायचं होतं. मुंबईत माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे प्रा. जितेंद्र शाह यांनी इंडिकट्रान्स या गटामार्फत ते हाती घेतलं. त्या गटाचा 'गार्गी' हा देवनागरीतल्या पहिल्या मुक्त ओपनटाइप फॉन्टांपैकी एक, आणि तो आजही डेबियन-उबंटूच्या भांडारात आहे. २००४मध्ये रेड हॅटने 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. ते मुळात तयार केले होते पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने. श्रीलिपी ज्या घरात जन्मली त्याच घरात लिनक्सवरचं मराठीही मोठं झालं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज लिनक्स मिंट किंवा उबंटू बसवलं की मराठी मेनू निवडता येतो. टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळपट मुळातच असतो. तो सरकारनेच प्रमाण ठरवलेला आहे, त्यामुळे तो एकदा शिकला की विंडोज, लिनक्स, मोबाइल सगळीकडे एकच. रोमन अक्षरांवरून लिहायची सवय असेल तर आयबस नावाच्या सोयीत 'एम-१७-एन'चा संच जोडला की फोनेटिक, गमभन, रेमिंग्टन असे मराठीचे निरनिराळे पर्याय समोर येतात. टायपिंगच्या परीक्षेसाठी रेमिंग्टन घटवलेल्या मुलींना त्यामुळे नव्याने काही शिकावं लागत नाही. दऱ्या, सुऱ्या, बिऱ्हाड यांतला ऱ्य आणि ऱ्ह नीट उमटतो. पूर्वी याच अक्षरावर सगळं अडायचं, म्हणून कुठलंही नवं यंत्र तपासताना मी अजून पहिला शब्द 'दऱ्या' लिहून बघतो.

शिकवणीचीही सोय आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या छोट्या फिती आहेत. त्यांतल्या कित्येक मराठी आवाजात आहेत, फुकट आहेत आणि उतरवून घेऊन नेटशिवायही बघता येतात. गावासाठी ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

शाळांचं बघा. २००७मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेतल्या मुलांच्या हाती 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांवर फेडोरा लिनक्स होतं. धनगरवाड्यावरची पोरं ते बिनदिक्कत वापरत होती. केरळने तर सरकारी शाळांचं सगळं संगणकशिक्षण लिनक्सवर नेलं आणि आज त्या राज्याची शाळांसाठी स्वतःची आवृत्ती आहे. महाराष्ट्रात २००१नंतर एमएस-सीआयटीने कॉम्प्युटर खेडोपाडी पोचवला, हे काम मोठंच. पण कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि लिहायचं ते वर्डमध्ये, ही समजूतही त्यातूनच पक्की झाली. लिनक्स कठीण असतं असं मला सांगणाऱ्या बहुतेकांनी ते कधी उघडून पाहिलेलं नसतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे. यात वेळ कमी लागतो, सावधगिरी जास्त.

पहिली गोष्ट बॅकअप. केळशीत याचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ उत्तरेकडे श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब पडले आणि कित्येक दिवस लाइट नव्हती. त्या पावसात भिजलेल्या यंत्रांबरोबर कितीतरी घरांचे फोटो आणि कागद गेले. डिस्कची वाटणी करताना तितका मोठा धोका नसतो, पण धोका असतो. त्यामुळे पत्रिका, हिशेब, फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर जायला हवेत. त्याच वेळी डिस्कची प्रकृती तपासून घ्यावी. खाऱ्या हवेत यंत्राच्या आतले जोड गंजतात आणि फिरती डिस्क आठ-दहा वर्षांनी थकलेली असते. ती आजारी दिसली तर वाटणी तिथेच थांबवून आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, घ्यावी. जुन्या यंत्राला जीव आणणारा याच्याइतका स्वस्त खर्च दुसरा नाही.

दुसरी गोष्ट विंडोजच्या आत करायची. 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बंद करायची. ती चालू असली की आपण शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, आपला अर्धा संसार डिस्कवर उघडा ठेवून झोपतं. अशा वेळी लिनक्सने त्या भागात काही लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. मग बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू आहे का ते पाहायचं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलेल्या यंत्रांवर ते कित्येकदा मालकाच्या नकळत चालू असतं. चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली आधी कागदावर उतरवायची, नाहीतर पुढे विंडोज तीच मागत बसतं.

तिसरी गोष्ट जागा मोकळी करण्याची. विंडोजचा भाग लहान करायचा तर तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करावा. आपल्या फाइली कुठे हलवता येतील ते त्यालाच नीट कळतं. शंभर जीबी मोकळी मिळाली तर भरपूर, पन्नासातही भागतं. नेमकं हेच काम चालू असताना वीज गेली तर नुकसान होतं, आणि कोकणात ती जातेच. म्हणून ज्याची बॅटरी मेलेली आहे असा लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावल्याशिवाय या कामाला हात लावू नये. मावसभावाकडे आम्ही इन्व्हर्टर पूर्ण भरेपर्यंत थांबलो आणि मगच वाटणी सुरू केली. यंत्र २०१२च्या आधीचं असेल तर आणखी एक अडचण असते. त्या काळच्या पद्धतीत डिस्कचे चारच मुख्य भाग पाडता येतात आणि कंपनीने बहुधा चारही वापरलेले असतात. मग एखादा अनावश्यक भाग काढावा लागतो आणि ते जाणकारालाच करू द्यावं.

लिनक्सची फाइल जवळपास तीन जीबीची असते. केळशीत मोबाइलच्या रेंजवर ती उतरवत बसण्यापेक्षा दापोलीला किंवा मुंबईलाच उतरवून पेनड्राइव्हवर आणलेली बरी. चार जीबी रॅमसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती मी सुचवतो. मिंट २२ या मालिकेला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. फार जुन्या ३२ बिटी यंत्रांचा मार्ग मात्र अरुंद होत चालला आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने त्यांच्यासाठीची इन्स्टॉलेशनची सोय बंद केली.

पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं की डिस्कला हात न लावता लिनक्स चालवून पाहता येतं. ही सोय वापरल्याशिवाय पुढे जाऊ नये. वायफाय लागतो का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, टचपॅड चालतो का, मराठी उमटतं का, हे तिथेच कळतं. सगळं जुळलं तरच इन्स्टॉल. तिथे एक पडदा येतो आणि सगळा जीव तिथे असतो: 'विंडोजच्या शेजारी बसवा' आणि 'सगळी डिस्क पुसा' हे दोन पर्याय एकाखाली एक असतात. इथे घाई करायची नाही. दोघांनी मोठ्याने वाचून मगच क्लिक करावं.

त्यानंतर यंत्र पुन्हा सुरू झालं की ग्रब नावाची यादी दिसते. विंडोज आधी आणि लिनक्स नंतर हा क्रम पाळावा, कारण नंतर बसवलेलं विंडोज या यादीची दखल घेत नाही. नवीन पद्धतीच्या यंत्रांत दोन्ही प्रणालींच्या सुरुवातीच्या फाइली एकाच छोट्या भागात वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात, त्यामुळे भांडण पूर्वीइतकं होत नाही. तरी होतं. ऑगस्ट २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटमुळे अनेक ड्युअल बूट यंत्रांवरचं लिनक्स सुरूच होईना, सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय तात्पुरती बंद करून ते सोडवावं लागलं. म्हणून लिनक्सचा तो पेनड्राइव्ह पुसू नये. कपाटात जपून ठेवावा, कधीही लागतो.

विंडोजचं घड्याळ कधी साडेपाच तास मागे दिसू लागलं तर घाबरायचं कारण नाही. यंत्रातल्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय समजून वाचतं. लिनक्सला एका ओळीची आज्ञा दिली की दोघांचं एकमत होतं.

मावसभावाच्या यंत्रात सामाईक असा एक वेगळा भाग केला आहे. हिशेब आणि फोटो त्यात, दोन्हीकडून दिसतात. पत्रिकेचा मजकूर तो आता लिनक्समध्ये युनिकोडात लिहून ठेवतो. श्रीलिपीत उघडायचं ते फक्त छपाईला देण्याआधी. पुढच्या कुणाला ती पत्रिका शोधायची असेल तर आता शब्द लिहून शोधता येईल. जुन्या फाइलींत ते शक्य नव्हतं. मावशीला यातलं काही सांगावं लागलं नाही. तिने यादीतलं पहिलं नाव निवडलं, ब्राउझर उघडला आणि नातवाशी बोलायला लागली.

तेव्हा मुंबई-पुण्याच्या वाचकांना एक विनंती आहे. या दिवाळीत किंवा येत्या मे महिन्यात जुनं यंत्र गावी नेणार असाल तर ते नुसतं गाडीत टाकू नका. तुमच्याकडे वेगवान नेट आहे, लाइट जात नाही आणि अडलं तर विचारायला माणूस आहे. तेव्हा वाटणी तुमच्याच घरी करा, मराठीचा कळपट लावून ठेवा, स्पोकन ट्युटोरियलच्या मराठी फिती डिस्कवर भरा. यंत्राबरोबर लिनक्सचा पेनड्राइव्ह द्या, आणि विंडोज कुलूपबंद असेल तर ती ४८ अंकी किल्ली कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून चार्जरच्या पिशवीत ठेवा.